पाने टाकायला शिकणे : पोकरमधील संयम आणि सुरुवातीच्या हाताची निवड

मेंढीकोट आणि तीनपत्तीवर वाढलेला माणूस पोकरच्या टेबलावर बसतो, तेव्हा त्याची खरी अडचण नियमांची नसते. कोणता हात कोणत्या हातापेक्षा मोठा, हे एका संध्याकाळी पाठ होते. अडचण असते ती मिळालेली पाने न खेळता परत करण्याची. मेंढीकोटात 13 पाने वाट्याला आली की ती सगळी खेळावीच लागतात. पाने वाईट आहेत म्हणून डावातून उठता येत नाही. तीनपत्तीत पॅक करण्याची सोय आहे, परंतु दिवाळीच्या बैठकीत पाने न पाहता ब्लाइंड चाल करणाऱ्याचे कौतुक होते आणि तीनदा लागोपाठ पॅक करणाऱ्याला ‘कामून बसलास मग?’ असे विचारले जाते. मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला आलेला, आणि पोकर शिकलो तो वाळूजमध्ये काम करणाऱ्या मित्रांच्या खोलीवर, प्लास्टिकच्या चिप्स मांडून, पैसे न लावता. आमच्या त्या टेबलावर जे नवे येतात, त्यांना पहिल्या महिन्यात जे सांगावे लागते तेच येथे लिहितो आहे.

आरंभी कायद्याचे सांगणे आवश्यक आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे सर्वच ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदीच्या कक्षेत आणले आणि पोकर त्यातून सुटलेले नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदाही लागू आहे. म्हणून ‘पोकरमध्ये करिअर’ असे कोणी सांगू लागला, तर आधी हे वास्तव समजून घ्यावे. चिप्सवर किंवा विनाशुल्क ॲपवर खेळूनही या खेळातील निर्णयबुद्धी पूर्णपणे शिकता येते, आणि पुढचे सर्व विवेचन त्याच शिक्षणापुरते आहे.

टेक्सास होल्डेम या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडली जातात आणि सातांतील उत्तम पाच पानांचा हात धरला जातो. दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या प्रकरणात 52 पत्त्यांची उदाहरणे सर्वांनीच सोडवलेली असतात. तेच गणित येथे उपयोगी पडते. 52 पानांतून दोन पाने 1,326 प्रकारे येऊ शकतात. कोणतीही जोडी येण्याची शक्यता 17 डावांत एक असते आणि एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता 221 डावांत एक. घरगुती टेबलावर तासाला साधारण 30 डाव होतात असे धरले, तर एक्क्यांची जोडी सरासरी सात-साडेसात तासांतून एकदा दिसेल. जोडी न लागलेली दोन पाने हाती असतील, तर फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पानांत, त्यांपैकी एखाद्याशी जुळणारे पान तीनपैकी सुमारे एकाच वेळी येते. उरलेल्या दोन वेळी तुमच्या हाती जे होते तेच राहते, आणि ते आरंभीच दुबळे असेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

हे आकडे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि मोठ्या जोडीखेरीज काहीच खेळायचे नाही, असा निश्चय करून बसतात. त्यांना आमच्याकडे गमतीने ‘उपास धरलेले’ म्हणतात. हा संयम नव्हे, कारण बसून राहण्यालाही किंमत पडते. प्रत्येक डावात डीलरच्या, म्हणजे पाने वाटणाऱ्याच्या, डावीकडील दोघांना पाने पाहण्यापूर्वीच अनुक्रमे छोटा आणि मोठा ब्लाइंड, म्हणजे सक्तीचा भरणा, टाकावा लागतो; छोटा हा मोठ्याच्या निम्मा असतो आणि डीलरची जागा दर डावाला एकेक पुढे सरकते. नऊ जणांच्या टेबलावर एका पूर्ण फेरीत प्रत्येकाच्या खिशातून दीड मोठा ब्लाइंड जातो. 221 डाव म्हणजे जवळपास साडेचोवीस फेऱ्या. म्हणजेच एका एक्क्यांच्या जोडीची वाट पाहण्यात सुमारे 37 मोठे ब्लाइंड खर्ची पडतात. शंभर ब्लाइंड घेऊन बसलेल्याने एक तृतीयांशाहून अधिक चिप्स वाट पाहण्यातच घालवल्या, आणि ती जोडी आली तेव्हा सगळ्यांनी त्याला ओळखून पाने टाकली, तर हाती काय आले, याचा हिशोब त्यानेच करावा.

मग नेमके काय खेळावे, याचे उत्तर पानांआधी जागेवर अवलंबून असते. नवख्याला हे सर्वांत उशिरा पटते, म्हणून मी येथे थोडा रेंगाळतो. मोठ्या ब्लाइंडच्या लगेच डावीकडे बसणाऱ्याला सर्वांत आधी बोलावे लागते आणि त्याच्यामागे संपूर्ण टेबल शिल्लक असते. उलट डीलरच्या जागी बसणारा फ्लॉपनंतर प्रत्येक टप्प्यावर सर्वांचे बोलणे ऐकून मगच आपला निर्णय घेतो. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून मी नवशिक्याला एवढेच खेळायला सांगतो : सत्तीपासून वरच्या सर्व जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी, आणि दोन्ही पाने एकाच जातीची असतील तरच एक्का-गुलाम, एक्का-दहा व राजा-राणी. मोजून पाहिले तर ही 92 मांडण्यांची यादी होते, म्हणजे 1,326 पैकी सुमारे 7 टक्के. तोच माणूस डीलरच्या जागी असेल आणि त्याच्यापर्यंत सगळ्यांनी पाने टाकली असतील, तर सर्व जोड्या, एकाच जातीचा कोणताही एक्का, एक्क्यासोबत दहा किंवा त्याहून वरचे कोणतेही पान, राजा, राणी, गुलाम व दहा यांतील एकाच जातीच्या सर्व दुकली, वेगवेगळ्या जातींचे राजा-राणी, राजा-गुलाम व राणी-गुलाम, आणि दहा-नऊपासून सात-सहापर्यंतची एकाच जातीची लागोपाठ पाने एवढे सगळे खेळता येते. ही यादी सुमारे 19 टक्के भरते. पाने बदलली नाहीत, केवळ खुर्ची बदलली, आणि खेळण्याजोगे डाव जवळजवळ तिप्पट झाले. या दोन्ही याद्या मी शिकवण्यासाठी मुद्दाम आखडत्या ठेवल्या आहेत. मुरलेला खेळाडू यापेक्षा अधिक हात खेळतो, पण त्याला फ्लॉपनंतर अडचणीतून बाहेर पडता येते.

खेळायचे ठरले, की नुसता मोठ्या ब्लाइंडइतका भरणा करून आत शिरू नये, रक्कम वाढवून शिरावे. ज्या हातावर वाढवण्याची इच्छा होत नाही तो हात बहुधा टाकण्याच्याच लायकीचा असतो.

सर्वाधिक नुकसान सात-दोनसारख्या उघड वाईट हातांनी होत नाही, ते हात सगळेच टाकतात. नुकसान होते ते वेगवेगळ्या जातींच्या एक्का-नऊ, राजा-दहा अशा देखण्या हातांनी. एक्का-नऊ घेऊन तुम्ही आत शिरलात आणि समोरच्याकडे एक्का-राजा असेल, तर चारपैकी जवळपास तीन वेळा तो जिंकतो. शिवाय फ्लॉपवर एक्का आला की तुम्हाला आनंद होतो आणि त्याच आनंदात तुम्ही अधिक भरणा करता. एकाच जातीची पाने हा दुसरा मोह. दोन्ही पाने बदामाची आहेत म्हणून राजा-तिर्री खेळणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, परंतु फ्लॉपवरच पाचही पाने एका जातीची होण्याची शक्यता 119 डावांत एक एवढीच आहे. लहान जोड्यांचे गणित थोडे निराळे आहे. दुर्री किंवा तिर्रीच्या जोडीला फ्लॉपवर तिसरे पान साडेआठ वेळांत एकदा मिळते, म्हणून कोणी आधी वाढवले असेल, तर त्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही पुढ्यात तुम्हाला भरावयाच्या रकमेच्या किमान पंधरापट चिप्स शिल्लक असल्या तरच ती जोडी घेऊन पुढे जावे, नाहीतर ती लागली तरी मागचे साडेसात प्रयत्न वसूल होत नाहीत.

टाकलेल्या पानांविषयी शोक करण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. तुम्ही सात-दोन टाकता, फ्लॉपवर दोन सत्त्या आणि एक दुर्री येते, आणि शेजारचा मांडीवर थाप मारून म्हणतो, ‘ठिवलं असतं तर!’ निर्णय योग्य होता की नाही, हे पुढे उघडलेल्या पानांवरून ठरत नाही. तो घेताना जी माहिती उपलब्ध होती तिच्यावरून ठरते. म्हणून टाकलेली पाने कोणाला दाखवू नयेत आणि डाव संपल्यावर पुढचे पान उलटून पाहण्याचा हट्टही धरू नये. त्याऐवजी चालू असलेला डाव पाहावा : कोण पहिल्या जागेवरून काहीही घेऊन शिरतो, कोणाला पाने टाकवत नाहीत, शेवटी हात उघडल्यावर त्याने आरंभी काय धरले होते. सोबत एक वही ठेवून शंभर डावांत आपण स्वेच्छेने किती डावांत चिप्स घातल्या याची नोंद केली, तर आकडा स्वतःच बोलतो. नऊ जणांच्या टेबलावर नवख्याचा आकडा विशीच्या पुढे गेला असेल, तर तो मेंढीकोटच खेळत आहे.

घरगुती टेबलाची एक खोड लक्षात घ्यावी लागते. तेथे फ्लॉप पाहायला चार-पाच जण सहज थांबतात. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे 85 टक्के वेळा जिंकते, मात्र समोरचे चार जण शेवटपर्यंत टिकले तर हेच प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून अशा टेबलावर ब्लाइंडच्या तिप्पट वाढवून भागत नाही, पाच-सहापट वाढवावे लागते. हुलकावणी देण्याचा मोह मात्र येथे आवरावा, कारण ज्याला पाने टाकण्याची सवयच नाही त्याला घाबरवता येत नाही. त्याच्याविरुद्ध चांगला हात धरून प्रत्येक टप्प्यावर भरणा करत राहणे एवढेच पुरते.

आणि रात्र वाढली, पहिल्या पाळीचे लोक उठून गेले, टेबलावर चौघेच उरले, तर वरची 7 टक्क्यांची यादी मिटवून ठेवावी. चौघांत फेरी लवकर संपते, तासाला 30 डावांच्या गतीने पूर्वी पाच मोठे ब्लाइंड जात होते तेथे आता अकराच्या वर जातात, आणि पाठीमागे बोलणारे केवळ तिघे असल्याने पहिल्या जागेवरूनही डीलरच्या यादीतील बहुतेक हात खेळणे भाग पडते.