नाताळचे बोलिन्हा आणि नानकटाई: या चुका टाळा

डिसेंबर लागला की घरातल्या ग्रुपवर तेच ते फोटो यायला लागतात. पापडासारखी पसरलेली नानकटाई, तडकलेले बोलिन्हा, म्हणजे गोव्याकडची रवा-खोबऱ्याची बिस्किटं, आणि खाली प्रश्न, "असं का झालं गं?" दरवर्षी फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच टाकते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे २४ तारखेला दुपारी रवा आणायला बाहेर पडणं. बोलिन्हा एका दिवसात होत नाहीत. कोणी कितीही "इन्स्टंट" म्हणून व्हिडिओ टाकू दे, होत नाहीत. कारण रवा. साखरेच्या पाकात वाटलेलं ओलं खोबरं घालून चांगलं आटवायचं, गॅस बंद करून तूप आणि बारीक रवा मिसळायचा, पूर्ण गार झालं की फेटलेले बलक आणि वेलची घालायची आणि मग ते पातेलं झाकून रात्रभर तसंच सोडायचं. रात्रभर म्हणजे रात्रभर, सिरियल संपेपर्यंत नाही. रवा तो ओलावा हळूहळू पितो, फुगतो आणि सकाळी पीठ हाताला घट्ट लागतं. ही रात्र वाचवली की रवा दाताखाली कचकच लागतो, गोळे ट्रेवर बसतात नाहीतर कडेने फुटतात, आणि मग लोक रव्याच्या ब्रँडला नावं ठेवतात. आमच्याकडे सासूबाईंचं म्हापशाकडचं माप आहे, अर्धा किलो रव्याला एक नारळ आणि चार बलक, त्यात काही फार गुपित नाही. गुपित असेल तर एवढंच की त्या पातेल्याकडे सकाळपर्यंत कोणाला फिरकू देत नाहीत.

बलक गरम मिश्रणात घालू नका, भुर्जी होते. सुकं पाकीटबंद खोबरं वापरू नका, पाक सगळा पिऊन टाकतं आणि चवीच्या नावाने शून्य. ज्यांना नारळ खवायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ विकतचा केक द्यावा, कोणी रागावत नाही.

आता नानकटाई. ती पसरते कारण बहुतेक वेळा तूप वितळलेलं असतं. तूप थिजलेलं हवं, पिठीसाखरेबरोबर हाताने फेसून फेसून पांढरं हलकं व्हायला हवं, मग मैदा आणि चिमूटभर सोडा. घाईत लोक तूप मायक्रोवेव्हमध्ये पातळ करतात कारण फेसायला हात दुखतो. दुखू दे. तरीही पीठ सैल वाटलं तर गोळे वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मैदा वाढवत बसू नका, दगड होतील.

ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, आधी गरम न करता ट्रे आत सरकवणारे तर मला कळतच नाहीत. बोलिन्हांना १८० अंश सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटं, ट्रे मधल्या खणात, एका वेळी एकच, आणि अर्ध्यावर फिरवायचा, कारण घरगुती ओटीजीची मागची बाजू बहुतेक जास्त तापते. पूर्वी आपल्याकडे ट्रेवर नावाची चिठ्ठी लावून बेकरीच्या भट्टीवर द्यायचे, तिथला माणूस हे सगळं बघायचा. आता आपल्यालाच तिथे उभं राहायचंय, मोबाईल बाजूला ठेवून.

मुलांना घ्या, जरूर घ्या, पण गोळे वळायला नाही. लिंबाएवढा एक, सुपारीएवढा एक, मग छोटे जळतात आणि मोठे आतून कच्चे. गोळे मोठ्या माणसाने एका चमच्याच्या मापाने वळायचे, मुलांनी फक्त काट्याने वर फुली मारायची. तेही हलक्या हाताने, आमचा भाचा काटा ट्रेला टेकेपर्यंत दाबतो.

आणि पॅकिंग. इथे भलेभले घसरतात. माझ्या जाऊबाई हाताने सुगरण, पण धीर नाही. एका वर्षी त्यांनी भट्टीतून काढल्या काढल्या, अजून हाताला चटका बसतोय अशा अवस्थेत, सगळे बोलिन्हा प्लास्टिकच्या डब्यांत भरले, वरून लाल रिबिनी, कारण चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेआधी, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेआधी, आळीत वाटून मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं थांबा जरा, तर म्हणाल्या गरमागरम दिलं की प्रेम दिसतं. २६ ला त्यांच्याच घरी उरलेला एक डबा उघडला तर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब टपटप, खालचा थर ओला गिचका आणि खोबऱ्याला आंबूस वास. मग काय, पोरं दारोदार, "काकू, तो डबा परत द्या, आई दुसरा देणारे." अर्ध्या लोकांनी लाजेखातर सांगितलं की खाल्ले, छान होते.

म्हणून माझी सवय अशी की जाळीवर पसरून तीन-चार तास तरी सोडते, एक फोडून आतून गार आहे का बघते, मगच डबा. ओल्या खोबऱ्याचा जिन्नस आहे, खुटखुटीत भाजलेला आणि कोरडा ठेवलेला आठवडाभर सहज राहतो, चिठ्ठीवर तसं लिहायचं. बोलिन्हांच्या डब्यात केकचा तुकडा किंवा दोदोल (नारळाच्या दुधाची मऊ गोड वडी) कोंबू नका, कुस्वारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट असेल तर वेगवेगळ्या वाट्या ठेवा, एका डब्यात घातलं की मऊ पदार्थाचा ओलावा खुसखुशीत पदार्थ ओढून घेतो आणि दोन्हीची मजा जाते.

शेजारी शाकाहारी असतील तर त्यांच्या डब्यात फक्त नानकटाई, वेगळ्या ट्रेवर भाजलेली, आणि हे देतानाच तोंडाने सांगायचं. बोलिन्हात बलक असतो हे बघून कळत नाही. "कळणार कोणाला" असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत, त्यांच्या हातचं मीच काही खात नाही.

उरलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचं काय करायचं, हेही दरवर्षी कोणीतरी विचारतंच. खा की! आमच्याकडे त्या रात्री ऑम्लेट-पाव असतो.