'की-ओकू' तीन बैठकांत कसा ऐकावा

हा अल्बम मी पहिल्यांदा लावला तो मोबाइलच्या स्पीकरवर, भांडी घासता घासता. दहा मिनिटांत बंद केला. ड्रम एकच एक वाजतोय, वर कुणी ट्रम्पेट फुंकतंय, गाणं सुरू कधी होणार? चूक माझी होती. या संगीताचा निम्मा जीव खर्जात आहे आणि मोबाइलच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. तेव्हा आधी कान पूर्ण झाकणारा हेडफोन मिळवा, नाहीतर बरे स्पीकर.

वाजवणारे दोघे. डीजे क्रश हा टोकियोचा, जन्म १९६२चा. १९८३ साली 'वाइल्ड स्टाइल' हा हिप-हॉपवरचा अमेरिकन सिनेमा टोकियोत आला, तो पाहून हा गडी टर्नटेबलला, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्राला, चिकटला तो कायमचा. तोशिनोरी कोंदो त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा, एहिमे प्रांतातल्या इमाबारीचा, फ्री जॅझमध्ये, म्हणजे ठरलेली चाल-ताल न पाळणाऱ्या जॅझमध्ये, मुरलेला ट्रम्पेटवादक. १९९६ साली दोघांनी मिळून हा अल्बम केला. 'कीओकू' म्हणजे स्मृती. हिप-हॉप म्हटलं की आपण रॅप कधी येतो याची वाट बघतो. इथे ती बघू नका.

पहिल्या बैठकीत फक्त ठेका ऐका. मांडीवर चार मात्रा धरा. जुन्या तबकडीवरचा छोटासा तुकडा उचलायचा, सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) घालायचा आणि फिरवत ठेवायचा, ही लूपची साधी रीत. कंटाळा येईल, येऊ द्या. मला हे उमगलं ते तबल्याच्या सोलोमुळे. तिथे लहरा, म्हणजे साथीची छोटी धून, तोच तो फिरत राहतो आणि तबलजी मोकळा सुटतो. इथे नेमकं उलट: ताल फिरत राहतो आणि सूर मोकळा सुटतो. हे एकदा डोक्यात बसलं की लूप रटाळ वाटत नाही, जमीन वाटते.

दुसरी बैठक क्रशच्या हातांची. स्क्रॅच म्हणजे नुसतं खरवडणं नव्हे. एक हात तबकडी पुढेमागे ओढतो, दुसरा मिक्सरवरच्या फेडरची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खटक्याची, उघडझाप करतो; आवाजाचे तुकडे पडतात ते त्या दुसऱ्या हाताने. क्रश हातचलाखी दाखवायला आलेला नाही. तो कुठे गप्प बसलाय तेही ऐका.

तिसरी बैठक कोंदोची, आणि इथे घाई नको. त्याचा ट्रम्पेट इलेक्ट्रिक आहे: वाद्यावर मायक्रोफोन, तिथून आवाज इफेक्ट पेडलमध्ये, म्हणजे आवाजाचं रूप बदलणाऱ्या पेटीत. डिले लावला की फुंकलेला सूर थोड्या वेळाने मागून पुन्हा येतो, मग आणखी फिका होऊन पुन्हा. डोळे मिटा आणि मूळ सूर कुठला, सावली कुठली ते ओळखायचा प्रयत्न करा. मी एकदा मांडीवर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) धरून बसले होते, आता येईल, आता येईल म्हणत. हा बाबा सम ओलांडून निघूनही गेला. आधी चिडले. मग तीच जागा चारदा लावली.

कुठून शिरावं कळत नसेल तर 'सन इज शायनिंग'पासून सुरुवात करा. चाल बॉब मार्लेची, ओळखीची असली तर या दोघांनी तिचं काय केलंय ते पटकन कळतं.

बरेच जण या प्रकाराकडे नुजाबेस या जपानी हिप-हॉप संगीतकाराच्या वाटेने येतात. (सेबा जुन हे त्याचं नाव रोमन लिपीत उलटं लिहिलं की नुजाबेस.) २००५चा त्याचा 'मोडल सोल' हा अल्बम ऐकून थेट इकडे आलात तर दचकाल; तिथे पियानो कुशीत घेतो, इथे ट्रम्पेट दारातच उभं करतो. म्हणून मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या, आणि 'की-ओकू' रात्री लावा, इतर आवाज थांबल्यावर.