संवादजाळ्याचा अभ्यास कसा करावा?
संवादजाळे म्हणजे एखाद्या गटात कोण कोणाशी बोलते याचा आराखडा. प्रथम या जाळ्याची सीमा ठरवावी, म्हणजे त्यात कोणाकोणाला धरायचे ते पक्के करावे. ती ढिली राहिली, तर पुढची सारी आकडेमोड व्यर्थ जाते. मग प्रत्येकाला ‘गेल्या आठवड्यात कामासाठी तुम्ही कोणाशी बोललात?’ असा नेमका प्रश्न विचारून उत्तरे चौकोनी तक्त्यात (ओळींत आणि स्तंभांत तीच नावे) नाव घेतले तर १, नाही तर ० अशी नोंदवावीत. ‘अ’ने ‘ब’चे नाव घेतले, पण ‘ब’ने ‘अ’चे घेतले नाही, तर ती विसंगती खोडू नये, माझ्या मते तीच सर्वांत बोलकी नोंद असते. संपर्कांची नुसती संख्या मोजून थांबू नये, कारण दोन गटांना जोडणारी एकच व्यक्ती गळाली, तरी निरोप तिथेच अडतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ मधील मांडणीनुसार नवी माहिती बरेचदा जुजबी ओळखीतून येते. म्हणून प्रश्नावलीत क्वचित भेटणाऱ्यांचीही नावे मागावीत.