जुन्या स्वाध्यायपत्रिका जपताना अक्षरे सांभाळा

गोव्यातील एखाद्या मराठी शाळेच्या कपाटात सन २०००च्या आसपास संगणकावर टंकलेल्या स्वाध्यायपत्रिका असतील, तर त्या जूनपूर्वीच बाहेर काढाव्यात, कारण इथल्या पावसाळी दमटपणात एका कागदाला धरलेली बुरशी साऱ्या गठ्ठ्यात पसरते. ओलसर कागद उन्हात घालू नयेत, शाई उडते; ते सुटे करून पंख्याखाली वाळवावेत. गंजलेल्या टाचण्या काढून प्रत्येक पान ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन करावे, कारण समासात बाईंनी लाल शाईने लिहिलेली सूचना हाही त्या पत्रिकेचाच भाग आहे.

फ्लॉपी सापडल्यास तिच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जाणार नाही, आणि संगणकाला यूएसबीने जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हने मजकूर उतरवून घ्यावा. फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची गिचमीड दिसली तरी ती खराब झाली असे समजून पुसू नये. श्रीलिपी, आकृती यांसारख्या त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे तोच फाँट नसेल तर मराठी दिसत नाही. मूळ फाइल तशीच राखून, फाँटचे नाव टिपून, तिची युनिकोड प्रत, म्हणजे विशिष्ट फाँटावर अवलंबून नसलेल्या प्रमाण अक्षरसंकेतातली प्रत, वेगळी करावी.

खरी काळजी इथून पुढे घ्यावी लागते. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठवलेली असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून रूपांतरात जोडाक्षरांवरची वेलांटी आणि रफार भलतीकडे जाऊन बसतात. साध्या धड्यात ही चूक सहज कळते, शब्दखेळात मात्र ती खेळच मोडते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक विचारणाऱ्या प्रश्नात दोन्ही शब्द सारखेच उमटले, तर विद्यार्थ्याने उत्तर द्यायचे कशाचे? ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य उलट वाचले तरी तेच राहते, पण एक वेलांटी हलली की ते बिघडते. उलट ‘चिमा काय कामाची’ यात पहिली वेलांटी ऱ्हस्व आणि शेवटची दीर्घ आहे; एखाद्या शिक्षकाने जुळणीसाठी मुद्दाम ‘चीमा’ लिहिले असेल, तर ते शुद्धलेखनाच्या नावाखाली सुधारू नये.

स्कॅन, मूळ फाइल आणि युनिकोड प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याला इयत्ता व वर्ष यांवरून नाव द्यावे, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी. पत्रिका इतरांना देण्यापूर्वी मुलांची नावे झाकावीत. शेवटी दोघांनी तपासणीस बसावे: एकाने स्कॅनवरून अक्षर-अक्षर वाचावे, दुसऱ्याने मजकूर ताडून पाहावा, आणि उलटसुलट वाक्ये शेवटाकडूनही वाचावीत.