द्राक्षातल्या जाणकाराला मोबाइलवर प्रश्न विचारताना

फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर द्राक्षाचे ग्रुप पुष्कळ आहेत. पण ‘पान पिवळं पडलंय, काय मारू?’ एवढंच लिहिलं की दहा जण दहा औषधं सांगतात आणि खरा जाणकार गप्प बसतो. नुसत्या तेवढ्यावर तो तरी काय सांगणार?

म्हणून प्रश्नातच सगळं द्या: वाण, गोडी छाटणीची (म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीची) तारीख, गेल्या आठवड्यातला पाऊस-दव, शेवटच्या दोन फवारण्या. फोटो एकाच पानाचे दोन हवेत, वरच्या बाजूचा आणि खालच्या. केवडा, म्हणजे डाउनी हा बुरशीचा रोग असेल तर वर तेलकट पिवळसर डाग आणि नेमक्या त्याच जागी खाली पांढरी बुरशी दिसते. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग असेल तर पानावर राखाडी पावडर भुरभुरल्यासारखी दिसते. फोटो सकाळीच काढा.

फॉलो कोणाला करावं? सुरुवात पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यांपासून करा. बाकी मोजकेच ठेवा. औषधाआधी बागेची अवस्था विचारणारा आणि कारण समजावून सांगणारा माणूस सोन्यासारखा. प्रत्येक व्हिडिओत एकाच कंपनीचा डबा दाखवणाऱ्याला सरळ अनफॉलो करा.

सल्ला कोणाचाही असो, फवारण्याआधी लेबल क्लेम (ते औषध द्राक्षासाठी मंजूर आहे का) आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत) तपासाच. निर्यातीच्या मालात इथे तडजोड नाही. आठवड्याने त्याच पोस्टखाली काय फरक पडला ते फोटोसकट कळवा. असा निरोप सहसा कोणी देत नाही, त्यामुळे जाणकार तुमचं नाव लक्षात ठेवतात.