कॅम्पर ट्रेलरचा प्लाय खालून वॉटरप्रूफ करताना

प्लाय खालून कुजतो तो मुख्यतः कडांतून आणि बोल्टच्या भोकांतून. म्हणून आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) मार्कचा १८ मिमी मरीन प्लाय चासीवर चढवण्याआधीच उलटा टाकून कडांना पातळ इपॉक्सीचे (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचे) तीन हात दिले. पहिला हात कडा अक्षरशः पिऊन टाकतात. सपाट भागाला दोन पुरले.

१० मिमी बोल्टसाठी भोक १४ मिमीचं पाडायचं, खालून टेप लावून घट्ट इपॉक्सीने भरायचं, पूर्ण कडक झालं की मधोमध पुन्हा ड्रिल मारायचं. काम कंटाळवाणं आहे, पण खरा बचाव इथेच होतो.

चासी आणि प्लायमध्ये पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. डांबरी अंडरकोट सगळ्यात शेवटी, कारण डांबरावर सीलंट धरत नाही. चाकांच्या वर अंडरकोटचा जादा हात द्या. तिथे खडी उडून कोट टवका टवका निघतो.