जुन्या गाडीचा बेल्ट ओरडतोय?

कोल्हापुरात पाऊस लागला की सकाळी स्टार्टर मारताच जुन्या गाड्यांचा फॅन बेल्ट (इंजिनाच्या जोरावर पंखा, अल्टरनेटर फिरवणारा रबरी पट्टा) किंचाळायला लागतो. आवाज मिनिटभरात थांबला तर बहुधा नुसती ओल. एसी लावल्यावर किंवा हेडलाइट पेटवल्यावर परत आला, तर बेल्ट सैल झालाय किंवा घासून गुळगुळीत झालाय.

इंजिन बंद करून, किल्ली काढून, दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा. जुन्या गाड्यांतला व्ही-बेल्ट (व्ही आकाराच्या खाचेत बसणारा पट्टा) साधारण 10 मिमी आत दबायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. बेल्ट उलटा पिळून आतली बाजू बघा. भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी दिसली की बदलायचाच. तेलाने भिजला असेल तर आधी गळती काढा, नाहीतर नवाही महिन्यात तसाच होईल.

आवाज घालवायला म्हणून बेल्ट करकचून ताणू नका, अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं) बेअरिंग जातं. (साबण चोळणारेही भेटतात. त्यांना हसून नमस्कार करावा.)

उद्यमनगरात नवा घ्यायला जाताना जुना सोबत न्या, त्यावरचा नंबर जुळवा. नवा व्ही-बेल्ट थोडा ताणतो, म्हणून दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. काढलेला बरा असेल तर डिकीत ठेवा. गगनबावड्याच्या घाटात चार्जिंगचा दिवा लागून काटा तापाकडे सरकला, तर बेल्ट तुटला असेल, गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करा. बऱ्याच जुन्या इंजिनांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो.